कागोडूचे माप

कर्नाटक म्हटले की महाराष्ट्रातील कार्यकर्त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम सीमा उभी राहते. बेळगाव, कारवार, निपाणी, भालकी ही नावे आपल्याला पाठ असतात. सीमाप्रश्नावरील आपली भूमिका स्पष्ट आहे. तिची चर्चा करण्याची ही जागा नव्हे. परंतु ज्या राज्याशी आपण अर्धशतकाहून अधिक काळ भांडत आहोत, त्या राज्यातील शेतकरी, कूळ, शेतमजूर आणि दलित ह्यांच्या लढ्यांचा इतिहास आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे, हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे. दक्षिणेचा इतिहास वाचायचा म्हटला की आपण एकतर केरळचा वाचतो किंवा तामिळनाडूचा. केरळात साम्यवाद्यांचे राज्य आले, तामिळनाडूत द्रविड चळवळ आली. दोन्ही गोष्टी ठळक, दोन्ही लवकर नजरेत भरणाऱ्या. मधला कर्नाटक वाचावयाचा राहून जातो. वास्तविक भारतातील समाजवादी चळवळीने भूमिप्रश्नावर पहिला मोठा सत्याग्रह जेथे केला, त्या ठिकाणांपैकी एक गाव कर्नाटकात आहे. त्याचे नाव कागोडू.

गेल्या काही महिन्यांत आम्ही कर्नाटकाच्या सामाजिक व राजकीय इतिहासावरील काही ग्रंथ सलगपणे वाचले. त्या वाचनातून जे हाती लागले ते कार्यकर्त्यांपुढे ठेवावे, असे वाटते. कारण हा इतिहास केवळ शेजाऱ्याचा नाही. आपल्या चळवळीने काय पेरले, ते कोणी कापले आणि आज कोण नांगरून टाकीत आहे, ह्याचा तो जमाखर्च आहे.

आदर्श संस्थान आणि त्याची खेडी

जुने म्हैसूर संस्थान ब्रिटिश अमदानीत ‘आदर्श संस्थान’ म्हणून गाजले. १८८१ मध्ये तेथे प्रजाप्रतिनिधी सभा स्थापन झाली. १९०२ मध्ये शिवसमुद्रम येथील विजेवर कोलारच्या सोन्याच्या खाणी चालू लागल्या. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ निघाले. शेषाद्री अय्यर, विश्वेश्वरय्या, मिर्झा इस्माईल ह्यांच्यासारखे कर्तबगार दिवाण लाभले. हे सारे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु जेम्स मॅनर ह्यांनी १९१७ ते १९५५ ह्या काळातील म्हैसूरच्या राजकारणावर जो ग्रंथ लिहिला, तो वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. राजवाडा आणि सचिवालय ह्यांचे जग एक होते आणि खेड्यांचे जग दुसरे होते. शहरातील अधिकारीवर्ग आधुनिक प्रशासन चालवीत होता. खेड्यात मात्र जमीन, पाणी, न्याय आणि कर्ज ह्या चारही गोष्टी वोक्कलिग आणि लिंगायत ह्या जमीनधारक जातींतील मातब्बर घराण्यांच्या हाती होत्या. दोन्ही जगांनी एकमेकांत हस्तक्षेप न करण्याचा जणू अलिखित करारच केला होता. सुधारणा झाल्या, पण त्या खेड्याच्या वेशीपाशी थांबल्या.

ह्याच सुमारास समाजशास्त्रज्ञ म. ना. श्रीनिवास ह्यांनी म्हैसूरजवळच्या एका खेड्यात, १९४८ मध्ये, मुक्काम ठोकून अभ्यास केला. ‘वर्चस्वी जात’ ही जी संकल्पना आज आपण सर्रास वापरतो, ती त्यांनी ह्या खेड्याच्या अनुभवावरून पुढे मांडली. संख्या, जमीन आणि राजकीय बळ ज्या जातीपाशी एकत्र येते ती जात वर्णव्यवस्थेत कोठेही असो, गावात तिचाच शब्द चालतो. १९७६ मध्ये ह्या खेड्यावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. तत्पूर्वी १९७० मध्ये अमेरिकेत लागलेल्या आगीत त्यांची संस्कारित टिपणे जळाली होती आणि ग्रंथ बराचसा स्मृतीवर विसंबून लिहिला गेला. ब्राह्मण-ब्राह्मणेतर ह्या एकाच चौकटीतून ग्रामीण महाराष्ट्राकडे पाहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे. आपल्या साखरपट्ट्याचे चित्र त्यात नाही, तरीही ते ओळखू येते.

ब्राह्मणेतरांची चळवळ म्हैसुरातही झाली. १९१७ मध्ये प्रजामित्र मंडळी स्थापन झाली. १९१८ मध्ये महाराजांनी सरन्यायाधीश लेस्ली मिलर ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सात वर्षांच्या आत वरच्या सरकारी जागांपैकी निदान निम्म्या आणि खालच्या जागांपैकी दोन-तृतीयांश जागा ब्राह्मणेतरांना मिळाव्यात, अशी शिफारस ह्या समितीने केली. गुणवत्तेच्या प्रश्नावर दिवाण विश्वेश्वरय्या ह्यांचा ह्या धोरणाशी मतभेद झाला आणि त्यांनी पद सोडले. करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. सोळा वर्षांनी दक्षिणेत त्याच मार्गावर दुसरे संस्थान पाऊल टाकीत होते. परंतु एक फरक ध्यानी घेतला पाहिजे. म्हैसुरातील ह्या चळवळीचे पुढारी प्रामुख्याने गावातल्या वर्चस्वी जातींतून आलेले होते. सरकारी नोकरीत आपला वाटा त्यांना हवा होता. गावातली सत्ता त्यांच्यापाशी आधीच होती. म्हणून ही चळवळ कधी शेतातल्या कुळाच्या झोपडीपर्यंत गेली नाही. तेथे पोचण्याचे काम पुढे समाजवाद्यांना करावे लागले.

माप कोणाचे?

शिमोगा जिल्ह्यातील सागर तालुक्यात कागोडू हे लहानसे गाव आहे. मलनाडचा हा भाग. पाऊस उदंड, भात हे मुख्य पीक, बाजूला सुपारीच्या बागा. गावातली जमीन एका जमीनदार घराण्याची, कसणारी कुळे मुख्यत्वे दीवर जातीची. तिकडे कुळाला गेणीदार म्हणतात आणि खंडाला गेणी. ही गेणी भाताच्या रूपाने, कोळग नावाच्या मापाने मोजून द्यावयाची. तंटा ह्या मापावरून सुरू झाला. खंड घेताना जमीनदार जे माप वापरीत, ते सरकारमान्य मापापेक्षा मोठे होते. कुळांचे म्हणणे इतकेच होते की माप सरकारी असावे, ठरलेला खंड त्या मापाने घ्यावा आणि मिळालेल्या धान्याची पावती द्यावी.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात खंडाची चर्चा उत्पन्नाच्या टक्केवारीत होते. निम्मा, तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा. कायदेही ह्याच भाषेत लिहिले जातात. पण ज्या समाजात माप मालकाच्या हातात असते, तेथे टक्केवारी ही शोभेची वस्तू ठरते. कागदावर तिसरा हिस्सा ठरवा. माप दीडपट करा. खंड निम्म्यावर गेला. कायदा मोडला असे कोणालाही सिद्ध करता येणार नाही. कागोडूच्या निरक्षर कुळांना हे उमजले होते. आपली पिळवणूक नेमकी कोणत्या वस्तूत दडलेली आहे ती वस्तू त्यांनी बोट ठेवून दाखविली. वर्गसंघर्षाचे इतके मूर्त उदाहरण आम्हाला दुसरे आठवत नाही.

माप हे एक निमित्तही होते. त्यामागे वेठ होती, जमीनदारापुढे कसे उभे राहावे ह्याचे दंडक होते आणि माणूस म्हणून ताठ मानेने जगू न देणारी सारी रीत होती. एच. गणपतियप्पा ह्यांनी ह्या कुळांची संघटना बांधली होती. १९५१ च्या एप्रिलमध्ये संघर्ष पेटला. जमिनीवरून हुसकावलेली कुळे तुकड्यातुकड्यांनी शेतात नांगर घेऊन उतरत आणि अटक करवून घेत. समाजवादी पक्षाने हा लढा आपला मानला. शांतवेरी गोपाळ गौडा हा अठ्ठावीस वर्षांचा तरुण त्याच्या आघाडीवर होता. जूनमध्ये डॉ. राममनोहर लोहिया स्वतः तेथे गेले आणि त्यांनाही अटक झाली. देश स्वतंत्र होऊन चार वर्षे झाली होती. संविधान लागू होऊन दीड वर्षही झाले नव्हते. आणि मापात मारू नका एवढे म्हणणारी कुळे स्वतंत्र भारताच्या तुरुंगात होती.

सत्याग्रहाचे तत्काळ फळ फार थोडे मिळाले. हे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे, कारण आपल्या चळवळीतील लेखनात प्रत्येक लढा विजयी ठरविण्याची एक खोड आहे. कागोडूच्या कुळांनी सोसले पुष्कळ. त्या वर्षी जमीन त्यांची झाली नाही. परंतु प्रश्न कायमचा वेशीवर टांगला गेला. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत गोपाळ गौडा ह्याच भागातून विधानसभेवर निवडून आले. त्याच वर्षी म्हैसूरचा कूळकायदा झाला. १९५४ मध्ये इनामे रद्द करण्याचा कायदा आला. कायदे कमकुवत होते, पण सरकारला आता गप्प बसता येत नव्हते.

दोन कायद्यांची तुलना

येथे आपल्या महाराष्ट्राचा संबंध येतो. बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे चार जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते आणि १९४८ चा मुंबई कूळकायदा तेथेही लागू होता. कारवार जिल्ह्यात भारत सेवक समाजाचे दिनकर देसाई ह्यांनी कुळांची चळवळ उभी केली होती आणि त्यासाठी मुंबई सरकारने त्यांना जिल्ह्यातून हद्दपार केले होते. नामदार गोखल्यांनी पुण्यात स्थापिलेल्या संस्थेचा एक सभासद कारवारच्या कुळांसाठी हद्दपारी भोगतो, हे आपल्या सार्वजनिक जीवनाच्या इतिहासातील एक सुंदर पान आहे.

मुंबईच्या कूळकायद्याचा गौरव पुष्कळ झाला. परंतु त्याच्या अंमलबजावणीची पाहणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि जी. जे. खुदानपूर ह्यांनी केली आणि १९५७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिने गौरवाचा फुगा फोडला. कुळांनी ‘स्वखुषीने’ जमीन सोडल्याचे राजीनामे दिले होते. मालकांनी ‘स्वतः कसण्यासाठी’ म्हणून जमिनी परत घेतल्या होत्या. कायद्याने कुळाला हक्क दिला, पण तो सिद्ध करण्याचे ओझे कुळाच्याच डोक्यावर ठेवले आणि पळवाटांची किल्ली मालकाच्या हाती दिली. ‘स्वखुषी’ हा शब्द गावच्या सत्तेपुढे किती पोकळ असतो, हे ह्या पाहणीने दाखवून दिले. कागोडूला जे काम मोठ्या मापाने केले, तेच येथे राजीनाम्याच्या कागदाने केले.

नव्या म्हैसूर राज्याने १९५७ मध्ये बी. डी. जत्ती ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६१ मध्ये जमीन सुधारणा कायदा संमत झाला आणि तो अंमलात आला १९६५ च्या २ ऑक्टोबरला. चार वर्षांचा हा अवधी मालकांना जमिनी सारवून घेण्यास पुरेसा होता. कायद्यात मालकाला जमीन परत घेण्याची मुभाही होती. १९५६ ते १९७१ ह्या काळात निजलिंगप्पा, जत्ती, कंठी, वीरेंद्र पाटील असे एकामागून एक मुख्यमंत्री एकाच वर्चस्वी जातीतून आले. हे सांगण्यात कोणत्याही जातीचा उपमर्द करण्याचा हेतू नाही. बाराव्या शतकात कल्याणला समतेची घोषणा ज्या परंपरेने केली तिचा आम्हाला आदरच आहे. मुद्दा एवढाच की जमिनीचे स्वामित्व ज्यांच्यापाशी, त्यांनीच जमीन सुधारणेचा कायदा चालवावयाचा असेल, तर तो तसाच चालणार.

दुसऱ्याच्या हातून झालेले काम

१९७२ च्या मार्चमध्ये देवराज अर्स मुख्यमंत्री झाले. त्यांची अर्स जात संख्येने नगण्य. वर्चस्वी जातींच्या पाठबळावर राज्य करणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून त्यांनी लहानलहान मागास जाती, दलित, अल्पसंख्याक ह्यांची मोट बांधली. त्या वर्षीच त्यांनी एल. जी. हावनूर ह्यांच्या अध्यक्षतेखाली मागासवर्ग आयोग नेमला आणि १९७५ मध्ये त्याचा अहवाल आला. आणि १९७४ मध्ये त्यांनी जमीन सुधारणा कायद्यात जी दुरुस्ती केली, ती भारतातील ह्या विषयावरील सर्वात परिणामकारक कायद्यांपैकी एक ठरली.

तिची रचना कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी. १ मार्च १९७४ रोजी जी जमीन कुळाच्या कसणुकीत होती, ती सर्व सरकारजमा झाली. मालकाला ती परत घेण्याचा हक्क उरला नाही; अपवाद केवळ सैनिक आणि खलाशी ह्यांचा. कुळाने सरकारकडे अर्ज करावयाचा आणि भोगवटा हक्क मिळवावयाचा. निर्णय दिवाणी न्यायालयाने नव्हे, तर तालुकावार नेमलेल्या भूमी-न्यायाधिकरणाने द्यावयाचा. त्यात महसुली अधिकाऱ्यासोबत लोकांतून नेमलेले सदस्य बसत. त्यांत अनुसूचित जातीचा प्रतिनिधी असे. वकिलांना तेथे मज्जाव होता. म्हणजे, मुंबईच्या कायद्यात ज्या ज्या ठिकाणी कूळ हरत होते, ती ती ठिकाणे हेरून बुजविण्यात आली होती. आठ लाखांच्या घरात अर्ज आले आणि त्यांतील निम्म्याहून अधिक कुळांच्या बाजूने निकालात निघाले. दक्षिण कन्नड, कारवार, शिमोगा ह्या किनारी व डोंगराळ जिल्ह्यांत, जेथे कुळांचे प्रमाण मोठे होते, तेथे एका पिढीत गावाचा नकाशा बदलला.

गोपाळ गौडा हे पाहण्यास उरले नव्हते. ९ जून १९७२ रोजी, वयाची पन्नाशीही गाठण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले होते. यू. आर. अनंतमूर्तींनी १९७८ साली लिहिलेली ‘अवस्था’ ही कादंबरी त्यांच्या जीवनावर बेतलेली आहे. आदर्शवादी पुढाऱ्याभोवती सत्तेचे आणि पैशाचे जाळे कसे विणले जाते, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने ती वाचावी.

आता अवघड प्रश्नाकडे वळले पाहिजे. समाजवाद्यांनी ज्यासाठी तुरुंग पत्करले, तो कायदा काँग्रेसच्या मुख्यमंत्र्याने केला. आणि त्याची अंमलबजावणी जोरात चालू असताना देशात आणीबाणी होती. त्याच बंगळूरच्या तुरुंगात स्नेहलता रेड्डी ही लोहियावादी अभिनेत्री १९७६ मध्ये कोणत्याही खटल्याविना डांबली गेली होती. दम्याने जर्जर झालेल्या ह्या बाईंना अखेर पॅरोलवर सोडण्यात आले आणि २० जानेवारी १९७७ रोजी त्यांचा अंत झाला. दोन महिन्यांनी झालेल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर भारतात काँग्रेस भुईसपाट झाली. कर्नाटकात मात्र २८ पैकी २६ जागा तिने जिंकल्या.

आपल्यापैकी काहीजण ह्या निकालाचे वर्णन ‘लोक अजून जागे झाले नव्हते’ असे करतात. हा लोकांवर अन्याय आहे. ज्या कुळाला आयुष्यात प्रथमच जमिनीचा कागद मिळाला होता, त्याने तो देणाऱ्याला मत दिले. त्यात अज्ञान नव्हते. उलट दुसऱ्या बाजूचे काहीजण म्हणतात की, जमीन वाटली गेली ना, मग स्वातंत्र्याची एवढी काय मातब्बरी? हेही तितकेच चूक आहे. वरून आलेली सुधारणा वरच्याच्या मर्जीने येते आणि त्याच्या मर्जीने थांबते. अर्स १९७९ मध्ये इंदिरा गांधींपासून वेगळे झाले आणि १९८० च्या जानेवारीत त्यांची सत्ता गेली. पाठोपाठ न्यायाधिकरणांचा जोम गेला. कुळांची स्वतःची लढाऊ संघटना गावोगाव असती, तर कायद्याचा जोर एका माणसाच्या खुर्चीवर अवलंबून राहिला नसता. ती बांधण्याचे काम आपले होते. कागोडूनंतर आपण विधानसभेत भाषणे उत्तम केली, पक्ष मात्र अनेक वेळा फोडला. १९५२ नंतरच्या वीस वर्षांत समाजवाद्यांची ताकद शिमोग्याच्या बाहेर फारशी पसरली नाही. जे. एच. पटेल १९६७ साली लोकसभेत कन्नडमध्ये बोलले, त्याचे कौतुक झाले, ते रास्तच होते. पुढे एस. बंगारप्पा आणि स्वतः पटेल हे समाजवादी चळवळीत वाढलेले पुढारी मुख्यमंत्रीही झाले. मुख्यमंत्री मिळाले; चळवळ मात्र मिळाली नाही.

जे हिशेबातून सुटले

१९७४ च्या कायद्याचीही मर्यादा होती. नरेंद्र पाणी ह्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा रोखच असा आहे की ही सुधारणा मोठे परिवर्तन टाळण्यासाठी केलेली होती. हे म्हणणे आम्हाला पूर्णतः पटत नाही. पण त्यातील सत्यांश नाकारता येत नाही. कूळ म्हणजे सर्वात गरीब माणूस, हे समीकरण सर्वत्र खरे नव्हते. किनाऱ्यावरील कायम गेणीदारांपैकी काही स्वतःच सधन होते आणि जमीन पुढे दुसऱ्याला कसावयास देत होते. कमाल धारणेची मर्यादा कोरडवाहू जमिनीला ५४ एकरांपर्यंत होती. कॉफी-वेलदोड्याचे मळे तिच्यातून वगळलेले होते. त्यामुळे अतिरिक्त म्हणून हाती आलेली जमीन फार थोडी आणि भूमिहीनांपर्यंत पोचलेली त्याहून थोडी. कूळ मालक झाले. त्याच्या शेतावर राबणारा दलित मजूर मजूरच राहिला. आणि भोगवट्याच्या कागदावर नाव बहुधा कुटुंबप्रमुख पुरुषाचे चढले. भातलावणी जिने केली तिचे नव्हे.

ह्या उणिवेतून सत्तरच्या दशकात दलित संघर्ष समिती उभी राहिली. १९७३ च्या अखेरीस मंत्री बी. बसवलिंगप्पा ह्यांनी कन्नड साहित्यातील बराचसा भाग ‘बूसा’ म्हणजे गुरांचा कोंडा आहे, असे उद्गार काढले. गदारोळ उठला, दलित विद्यार्थ्यांवर हल्ले झाले आणि त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. ह्याच बसवलिंगप्पांनी डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध पाऊल उचलले होते. महाराष्ट्रात १९७२ मध्ये दलित पँथरने जे केले, त्याच्याशी ह्या घटनांचे नाते उघड आहे. देवनूर महादेव, सिद्धलिंगय्या ह्यांच्यासारखे लेखक-कवी ह्या चळवळीने दिले.

दुसरीकडे, मालक झालेल्या शेतकऱ्याचे प्रश्न बदलले. आता तो खंडाविषयी बोलेना. पाणीपट्टी, कर्ज आणि शेतमालाचा भाव ह्यांविषयी बोलू लागला. १९८० च्या जुलैमध्ये नरगुंद-नवलगुंद येथे मलप्रभा कालव्याच्या क्षेत्रातील शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि त्या उद्रेकातून राज्य रयत संघ फोफावला. त्याचे नेते एम. डी. नंजुंडस्वामी हेही लोहियांच्या विचारात वाढलेले. आपल्याकडे शरद जोशी ह्याच सुमारास कांद्याच्या भावासाठी रस्त्यावर उतरले होते. ‘शेतकरी तितुका एक’ असे म्हणताना शेतमजुराची मजुरी कोणत्या खात्यात धरावयाची, हा प्रश्न दोन्हीकडे अनुत्तरित राहिला.

१९८३ मध्ये काँग्रेसेतर सरकार आल्यावर अब्दुल नझीरसाब ह्यांनी जिल्हा परिषदा आणि मंडल पंचायतींचा कायदा केला. त्यात स्त्रियांसाठी २५ टक्के जागा राखल्या. १९८७ मध्ये निवडणुका झाल्या. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीच्या कितीतरी आधी हे घडले. मलनाडच्या जमीनलढ्याची एक शेवटची ओळ अगदी अलीकडे लिहिली गेली. कागोडू गावचेच तिम्मप्पा २०१६ मध्ये राज्याचे महसूलमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत नोंद नसलेल्या तांड्यांत, हाट्यांत पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्यांना राहत्या घराखालच्या जागेचा हक्क देण्याची तरतूद झाली. शेत नाही, निदान झोपडीखालची जमीन.

मागे फिरलेला कायदा

आणि मग २०२० साल उजाडले. महामारीच्या काळात, रस्ते ओस पडले असताना, कर्नाटक सरकारने प्रथम वटहुकूम काढला आणि वर्षअखेरीस कायदाच केला. १९७४ च्या दुरुस्तीने शेतीबाहेर ठराविक मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्न असणाऱ्याला आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेण्यास बंदी घातली होती. ह्या उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढवीत नेऊन बंदी आधीच पातळ करण्यात आली होती. २०२० मध्ये ती कलमेच गाळण्यात आली. तीही कशी? ज्या १ मार्च १९७४ ह्या दिवशी कुळांची जमीन मालकांच्या हातून सुटली, त्याच दिवसापासून ही कलमे अस्तित्वात नव्हती असे मानावे, असे ठरविण्यात आले. पैसेवाल्यांनी कायदा मोडून घेतलेल्या जमिनींचे प्रलंबित खटले आपोआप निकालात निघाले. कायद्याने भविष्य बदलणे आपण समजू शकतो. येथे कायद्याने भूतकाळच बदलला.

समर्थक म्हणतात, शेतकऱ्याला आपली जमीन चांगल्या भावाने विकता येईल. त्याच्या स्वातंत्र्याच्या आड कशाला येता? ह्या युक्तिवादाला उत्तर दिले पाहिजे. कर्जात बुडालेला, भाव न मिळालेला शेतकरी बंगळूरच्या गुंतवणूकदाराला जमीन विकतो, तेव्हा तो ‘स्वखुषीने’ विकतो हे खरेच. दांडेकर-खुदानपूर ह्यांनी तपासलेल्या राजीनाम्यांवरही हेच लिहिलेले होते. ज्याला थांबण्याची ऐपत नाही त्याची स्वखुषी आणि ज्याच्यापाशी थांबण्यास पुरेसा पैसा आहे त्याची स्वखुषी, ह्या दोन वस्तू बाजार एकाच मापाने मोजतो. माप पुन्हा मोठे झाले आहे, एवढाच ह्याचा अर्थ. महाराष्ट्रात मुंबई कूळकायद्याचे कलम ६३ अद्याप पुस्तकात आहे. परंतु उद्योगाच्या नावाखाली त्याला पाडलेली भगदाडे मोठी होत आहेत आणि शेजारी जे एका रात्रीत झाले, ते येथे हप्त्याहप्त्याने होऊ शकते. शक्तिपीठ महामार्गासारख्या योजनांना जे शेतकरी विरोध करीत आहेत, त्यांच्या सभांत जाणाऱ्या कार्यकर्त्याने हा शेजारचा इतिहास बरोबर न्यावा.

मागासवर्गाच्या प्रश्नावरही तोच खेळ दिसतो. मिलर समितीपासून हावनूर आयोगापर्यंत प्रत्येक वेळी संख्या मोजण्याची गोष्ट निघाली की बलिष्ठ जाती अस्वस्थ झाल्या. २०१५ मध्ये कर्नाटकात घरोघरी जाऊन सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण झाले. त्याचा अहवाल सरकारला २०२४ मध्ये मिळाला आणि २०२५ मध्ये, तो अंमलात आणण्याऐवजी, नवे सर्वेक्षण करण्याचे ठरले. ज्या राज्याने शंभर वर्षांपूर्वी ह्या बाबतीत देशाला वाट दाखविली, तेथे दहा वर्षे नुसती मोजणीच चालते. मोजण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न कागोडूच्या खळ्यावर होता आणि तोच सचिवालयातही आहे.

कार्यकर्त्यांनी इतिहास वाचावा असे आपण नेहमी म्हणतो. पण बहुधा स्फूर्तीसाठी वाचतो. कर्नाटकाचा इतिहास स्फूर्ती देतो त्याहून अधिक शिस्त शिकवितो. घोषणेपेक्षा कलम महत्त्वाचे, कलमापेक्षा ते चालविणारे मंडळ महत्त्वाचे आणि त्या मंडळावर गावातील दुबळ्यांच्या संघटनेचा वचक असणे सर्वात महत्त्वाचे. ह्यातले पहिले आपल्याला चांगले येते, दुसरे जुजबी येते, तिसरे आपण सोडून दिले आहे. प्रत्येक तालुका शाखेने येत्या वर्षात एक काम हाती घ्यावे. आपल्या तालुक्यात शेतजमिनीचे व्यवहार कोणाकोणाच्या नावाने झाले, त्यांतले किती घेणारे शेतकरी होते आणि विकणारा विकल्यानंतर कोठे गेला, ह्याची फेरफार नोंदींवरून व प्रत्यक्ष भेटून नोंद करावी. हे काम रटाळ आहे. त्यात सभा नाही, हार नाहीत. पण मालकाच्या मापाने मोजून घेणार नाही, असे ज्या कुळांनी ठामपणे सांगितले, त्यांनीही प्रथम आपले भात स्वतः मोजून पाहिले असले पाहिजे.